फितूर रोपं

खाडीकाठच्या एका गावात एक नियम होता. लावणीनंतर आठव्या दिवशी भाताचं जे रोप वाढायचं थांबलेलं दिसेल, ते उपटून टाकायचं. ते खाऱ्या पाण्याला फितूर झालेलं असतं. ठेवलं तर शेजारच्यांनाही फितवतं. का, ते मात्र कधी विचारायचं नाही. दर्शना चालायला लागली तेव्हाच तिच्या आजाने तिला हे बजावलं होतं.

त्या गावात कुणाचा रोपांवर विश्वास नव्हता आणि एकमेकांवरही नव्हता. बांधातून खारं पाणी झिरपलं, की माणसं दुसऱ्याच्या शेतात वाकून बघत, एखादं खुरटं रोप लपवून ठेवलंय का. दर भादव्यात पीक करपे. मग पंच म्हणत, अजून कुठेतरी एखादा फितूर राहिला असणार.

दर्शना शेतकी कॉलेजात शिकून आली आणि तिने वडिलांच्या भातखाचरात खाऱ्या जमिनीचं जुनं बी लावलं. गावात त्या बियाण्याचं एकच मडकं उरलं होतं, ते सगळं पेरून तिने त्याची रोपं लावली. आठव्या दिवशी अख्खं खाचर थांबलं. बोटभरही वाढ नाही.

पंच बांधावर जमले. त्यांच्यातल्या थोरल्या जोमाकाकांनी आधी तिची पिशवी तपासली. कॉलेजातून बाटलीतलं काही आणून ओतलं असेल, अशी त्यांना शंका होती. पिशवीत भाकरी निघाली.

"वरून तर साधीच दिसते," भाकरी उलटीपालटी करत ते म्हणाले.

दर्शनाने समजावून पाहिलं. वाढायचे हुकूम जनुकांतून निघतात आणि त्यांच्या नकला पेशीत फिरतात. मीठ लागलं की रोपाच्या आतच आरएनएचे अगदी बारीक तुकडे तयार होतात. ते नेमकी वाढीच्या हुकुमाची नक्कल हुडकतात आणि कापून टाकतात. मूळ हुकूम शाबूत राहतो. रोप ताकद राखून बसतं. पावसाने मीठ धुतलं, की तुकडे ओसरतात आणि वाढ पुन्हा सुरू होते.

"म्हणजे घरातलेच घरचा हुकूम फाडतात," जोमाकाका म्हणाले. "आम्ही तरी दुसरं काय म्हणतोय, पोरी?"

पंच हसले. त्यांनी दर्शनाच्या वडिलांना उपटायला सांगितलं. वडील मान खाली घालून चिखलात उतरले आणि पहिल्या रोपाला हात घातला.

"बाबा, हात काढा." दर्शना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग तिने बांधाकडे पाहिलं. "काका, खुरटी रोपं तर तुम्ही आठव्या दिवशीच उपटता. मग भादव्यात करपतात ती कोणती?"

तिने जोमाकाकांच्या पलीकडच्या शेताकडे बोट दाखवलं.

"जी थांबली नाहीत ती. मिठात तगणारी तुम्ही वेचून वेचून मारलीत आणि मरणारी सांभाळलीत. मी यातलं एकही उपटू देणार नाही."

जोमाकाकांनी पलीकडे आपल्या शेताकडे पाहिलं. तिथलं भात भराभर वाढलं होतं आणि पात्यांची टोकं पिवळी पडू लागली होती. त्यांनी भाकरी पिशवीत परत ठेवली. दर्शनाच्या वडिलांनी रोपावरचा हात काढला.

तात्पर्य: संकटात थांबणाऱ्यावर संशय घेण्याआधी, ज्या नियमाने दरवर्षी नुकसानच होतं, त्या नियमावर संशय घ्यावा.