पणज्यांचा मध

माणूस जंगलात यायच्या आधीची गोष्ट. एका जांभळाच्या झाडावर मधमाश्यांचं पोळं होतं. एका उन्हाळ्यात पोळ्यातला मध संपत आला. तेव्हा राणीमाशी म्हणाली, "पलीकडच्या बेहड्याच्या झाडावरच्या माश्यांनी तुमच्या पणज्यांना मारलं, त्यांचा मध लुटला. जा, घेऊन या!"

माश्या जगतात महिना-दीड महिना. पणजीला पाहिलेलं राणीशिवाय कुणीच उरलं नव्हतं.

जांभूळ म्हणालं, "अगं, पणज्यांचं पोळं अस्वलानं फोडलं. माझ्याच फांदीवर!"

"बेहड्यावरच्यांनाही फुलं देतोस तू," राणी कडाडली. "फितूर!"

माश्या बेहड्यावरच्या पोळ्यावर तुटून पडल्या. संध्याकाळी बेहड्याखाली दोन्हीकडच्या माश्यांचा खच पडला होता.

पुढच्या उन्हाळ्यात राणी नव्या माश्यांना म्हणाली, "बेहड्यावरच्यांनी तुमच्या पणज्यांना मारलं."

या वेळी जांभळाला ते खोडून काढता आलं नाही.