बुजवलेल्या तळ्याची माती

फार जुनी गोष्ट आहे. पंजाबात शिखांचं एक नगर वसलं, ते एका तळ्यापासून. आधी तळं खणलं गेलं, मग त्याच्याभोवती विणकर, तांबट, तेली येऊन राहिले. तळं काही मजूर लावून खणलेलं नव्हतं. घराघरातल्या माणसांनी डोक्यावरून माती वाहिली होती.

पुढे शिखांना मोडून काढायला तिथल्या सुभेदाराची फौज आली. तिनं तळं दगडमातीनं बुजवून टाकलं आणि दवंडी पिटली, "इथली माती उचलेल त्याचं डोकं उडवू!" चार घोडेस्वार पहाऱ्याला ठेवून फौज निघून गेली. निम्मं गाव रानात पळालं. उरलेल्यांनी दारं लावून घेतली.

त्यांत एक विणकरीण होती. भांडं पडलं तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. पण बुजलेल्या तळ्याकडे पाहून तिला घास गिळवेना.

एका रणरणत्या दुपारी पहारेकरी बोरीखाली लवंडले होते. तिनं ओढणीखाली टोपली लपवली, तळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात ढिगाऱ्याआड गेली, एक टोपली माती काढली आणि शेतात नेऊन ओतली. घरी येऊन तिनं घट्ट कडी लावली.

दुसऱ्या दिवशी गेली, तर खड्डा मोठा झालेला! आणखी चार टोपल्या माती गायब.

"कळलं त्यांना," तिच्या मनात आलं. "मला पकडायला सापळा लावलाय." ती रिकामी टोपली घेऊन पळत सुटली.

दोन दिवस ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून उजाडता उजाडता, पहारेकरी झोपेत असताना गेली. खड्ड्यातून आवाज येत होता. खर्र... खर्र...

ती ढिगाऱ्यामागे बसली. पायाखालचा एक खडा घरंगळला. खड्ड्यातला आवाज एकदम थांबला.

आत शिपाई असला तर? पळावं? पण आज पळाले तर पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले आणि कसंबसं विचारलं, "कोण आहे?"

"तू कोण?" आतला आवाजही कापत होता.

"मी... मी आधी विचारलं!"

"अगं, विणकरीण ना तू? जीव घेतलास की माझा!" चिखलानं माखलेला म्हातारा तांबट वर आला. "मी रोज दोन टोपल्या काढतो, आणि खड्डा वाढतो चारनं. मला वाटलं, शिपायांचाच डाव."

"चाचा, मी तर एकच काढली. मग बाकीची?"

तेवढ्यात मागे कुणीतरी शिंकलं. दोघं मटकन खाली बसले.

"मारू नका हो!" ढिगाऱ्याआडून तेलीण बाहेर आली. "रोजच्या दोन टोपल्या माझ्या. चार दिवस तुम्हा दोघांच्या भीतीनं मरतेय मी!"

तिघंही तोंडावर हात ठेवून हसले, आणि हसता हसता रडले.

त्या दिवशी त्यांनी दारं ठोठावली. दर दुसऱ्या घरात कुणीतरी म्हणालं, "मला वाटलं, आपण एकटेच." रानात निरोप गेला. दुसऱ्या सकाळी दोनशे माणसं टोपल्या घेऊन तळ्यात उतरली. माती हातोहात पुढे जाऊ लागली.

घोड्यांच्या टापा वाजल्या. विणकरीण पळायला वळली, पण मागून टोपली आली, ती तिनं पुढे दिली.

पहारेकऱ्यांनी लगाम खेचले. "आता यातल्या कुणाकुणाला धरायचं?" एकानं विचारलं. तलवारी उपसल्या तशाच त्यांनी म्यान केल्या आणि फौज आणायला घोडे पिटाळले.

फौज आली, तोवर तळाचे झरे मोकळे होऊन तळ्यात कमरेइतकं पाणी होतं. फौजेनं ते तळं पुन्हा बुजवलं आणि गावानं पुन्हा खणलं; पुढेही असंच होत राहिलं. विणकरीण जन्मभर भित्रीच राहिली. पण दर वेळी टोपली घेऊन पहिली तीच घराबाहेर पडायची.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: भीती प्रत्येकाला सांगते की तू एकटा आहेस. तिचं ऐकण्याआधी एकदा हाक मारून पाहावी.