लाल काचेची खोली

"सर, तुम्ही तर वाइन पीतच नाही. मग ती चाखायची खोली कशी असावी, हे तुम्ही कसं सांगणार?"

प्रश्न पुष्कर शिरोडेचा होता. विचारला होता हुदलीकर सरांना. वास्तुरचना तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. पुढे त्याने स्वतःचं ऑफिस काढलं, पारितोषिकं मिळवली, नाव कमावलं.



नाशिक शहरातल्या एका बंद छापखान्याच्या जागेवर पुष्कर वाइनरी उभी करत होता. मालकीण सरोज कातकाडे. तिच्या घरची द्राक्षं आजवर दुसऱ्यांच्या वाइनरीत जात आणि दुसऱ्यांच्या नावाने बाटलीत भरली जात. यंदा पहिल्यांदाच तिने स्वतः वाइन केली होती. उद्घाटनाला मोठ्या हॉटेलांचे खरेदीदार येणार होते. त्यांना ती पसंत पडली नाही, तर पुढच्या हंगामात द्राक्षं पुन्हा परक्याच्या दारात जाणार होती.

पुष्करने सगळा जीव टेस्टिंग रूममध्ये ओतला होता. पश्चिमेची अख्खी भिंत लाल काचेची. बाकीच्या भिंतींना नुकतंच पॉलिश केलेलं सागवान. उन्हं कलली की खोली आतून पेटल्यासारखी दिसे. बघायला आलेला माणूस दारातच थबकायचा आणि फोटो काढायचा.

सरांना बोलवायला त्याने मुद्दाम तीच वेळ निवडली. सर खोलीभर फिरले, आणि ही काच काढून टाक, एवढंच म्हणाले. त्यावर पुष्करने तो प्रश्न विचारला होता.

सर शांतपणे बाहेर गेले. येताना हातात एक पेला होता. तो त्यांनी पुष्करपुढे धरला.

"ही कुठली?"

पुष्करने पेला उन्हात धरला, सराईतपणे फिरवला. त्याचा चेहरा खुलला.

"रोझे. काय गुलाबी उतरलीय बघा, सर."

"वास?"

पुष्करने पेला नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"वास... पॉलिशचाच येतोय."

"पी."

पुष्कर प्यायला.

पाणी होतं.

सर चपला घालून निघून गेले...

पुष्करला आधी सरांचा भयंकर राग आला. सकाळपर्यंत तो राग स्वतःकडे वळला होता. त्याने सरोजला गाठलं, घडलेलं सगळं सांगितलं. उद्घाटन तोंडावर आलं होतं, तरी ती भिंत पाडू द्या म्हणाला. सरोजने वेळेत होईल का, एवढंच विचारलं. जमेल याची खात्री नाही, पण मी इथून हलणार नाही, असं तो म्हणाला.

तिने त्या लाल काचेवरून एकदा हात फिरवला.

"मग पाडा," ती म्हणाली.

काच उतरली. सागवान निघालं. तिथे साधी पांढरी भिंत आली, चुन्याची. उत्तरेला रुंद खिडकी आली, दिवसभर एकसारखा उजेड देणारी. तयार खोलीत फोटो काढावं असं काहीच उरलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी सरोजने पहिली बाटली स्वतः उघडली. वाइन पांढरी होती. पण त्या भिंतीसमोर पेला धरला, तेव्हा तिच्यात हिरवट सोनेरी झाक उजळली. खरेदीदारांतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी पेला हुंगला, डोळे मिटले...

सगळे थांबले.

बाईंनी घोट घेतला, आणि ही द्राक्षं कुणाच्या मळ्यातली, असं विचारलं.

"आमच्या," सरोज म्हणाली.

मग खोली बोलण्याने भरून गेली. जो तो पेल्यात बघत होता, हुंगत होता, शेजाऱ्याला चव सांगत होता. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या हॉटेलांनी सरोजच्या वाइनला होकार दिला होता. बाटलीवर तिचं स्वतःचं नाव राहणार होतं.

पुष्करच्या बोलावण्यावरून सरही आले होते; तो गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला. त्याचे डोळे भरून आले होते आणि हसू मावत नव्हतं.

"सर, खोलीकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मलाही दिसली नाही."