डाग आतल्या बाजूला

पूर्वी तगर नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जोडे शिवणाऱ्या घरात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. कातड्यावरून बोट फिरवले की त्याला जनावराचे आयुष्य कळे. रानात चरलेल्या वासराच्या कातड्यावर काट्यांचे ओरखडे असत, गोचिडांचे ठिपके असत. गोठ्यातच दूध पिऊन वाढलेल्याचे कातडे मात्र लोण्यासारखे, एकही डाग नसलेले.

राजाला तसल्या कातड्याचे जोडे हवे होते. भांडारी वासवाने एक दूधपिते वासरू आणून सोमिलच्या दारात बांधले.

"सकाळी खाटीक येईल. काम चुकले तर तुझी बोटे जातील, सोमिला."

"कातडे उत्तमच निघेल," सोमिल म्हणाला. तो खोटे बोलत नसे.

राजाच्या गोठ्यात त्या वासराची आई हंबरत होती. वासराने सोमिलचा हात चाटला. सकाळी खाटीक आला, त्याला त्याने परत पाठवले.

घरात एक कातडे होते, साप चावून मेलेल्या वासराचे, ओरखड्यांनी भरलेले. सोमिलने ते उलटे केले. मांसाकडची बाजू दगडाने हलक्या हाताने घासत राहिला. तिच्यावर कबुतराच्या पिलासारखी लव आली. ती बाजू बाहेर, ओरखड्यांची बाजू आत, असे जोडे त्याने शिवले.

राजा ते घालून दरबारात चालला. बराच वेळ पायांकडे बघत राहिला.

"पाय जमिनीला लागतच नाहीत."

"कोवळ्या कातड्याची करामत, महाराज," वासव म्हणाला.

"मग प्रत्येक मंत्र्याला असा जोड द्या. गोठ्यातली वासरे निवडा."

गप्प राहिला, तर सोमिलची बोटे सुरक्षित होती. तो पुढे झाला.

"महाराज, हे त्या वासराचे कातडे नाही. ते अजून माझ्या दारात उभे आहे."

त्याने राजाचा एक जोडा मागून घेतला, शिवण उसवली आणि आतली बाजू दाखवली. "हा बाभळीचा काटा. ही गोचिडांची जागा. आपल्या पायाला टोचले का?"

राजाने ओरखड्यावरून बोट फिरवले. मग दुसरा जोडाही काढून ठेवला.

"नाही टोचले," तो हळूच म्हणाला. "वासव, ती गाय कधीची हंबरते आहे. आधी तिचे वासरू पोचव. बाकीच्यांना हात लावू नका. आणि सोमिला, शिवण घाल. मी असाच उभा आहे."

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "तो राजा आज भिक्षू आनंद आहे. ती गाय यशोधरा. हात चाटणारे वासरू म्हणजे आपला हा राहुल. आणि जोडे शिवणारा मीच होतो."

बोटांची पर्वा न करता खरे बोलायला जिने त्याला लावले, ती करुणा.