घोडीच्या गळ्यात काविळीची माळ

फार जुनी गोष्ट नाही. एका बाजारपेठेच्या गावात एक टांगेवाला होता. घोडी उमदी, जीभ गोड, गिऱ्हाईक खूश. खोट एकच. टांगा सुटला की त्याचे पाय थेट दारूच्या गुत्त्याकडे वळायचे.

एकदा त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, अन्न नकोसं झालं. गावात काविळीची माळ देणारा एक म्हातारा होता. त्यानं ओल्या काड्यांची आखूड माळ टांगेवाल्याच्या गळ्यात घातली. "ही वाढत जाईल. बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली समज."

माळ खरंच वाढू लागली. "बघ, रोग उतरतोय!" असं बायकोला सांगून टांगेवाला पुन्हा गुत्त्यावर. पोट मात्र आणखीच फुगलं.

बायको खमकी. भाजीसुद्धा दोन दुकानं ताडून घेणारी. तिनं तशीच दुसरी माळ आणली आणि घोडीच्या गळ्यात घातली. काही दिवसांत तीही गुडघ्याशी लोंबायला लागली.

"अहो, बाहेर या. घोडीचीही कावीळ उतरली!"

"तिला कुठं कावीळ झालीय?"

"तेच म्हणते मी. काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. त्यात तुमच्या दुखण्याचा काय संबंध?"

टांगेवाल्यानं आपल्या गळ्यातली माळ काढून ठेवली. त्याच दिवशी बायकोनं स्वतः टांगा हाकून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दारूनं लिव्हर सुजलंय."

"मग एखादं जालीम औषध द्या, बाई. दारूचं हळूहळू बघू."

"दारू बंद, हेच पहिलं औषध. ती चालू असेल तर बाकीचं सगळं वाया. पण घरी एकदम सोडू नका, जिवावर बेतेल. इथं दाखल व्हा, आम्ही सांभाळून सोडवतो."

"आणि नाही सोडली तर?"

"तर पुढच्या वेळी या ताई एकट्याच येतील. मृत्यूचा दाखला न्यायला."

टांगेवाला दाखल झाला. हात थरथरले, घाम फुटला, बायकोला नाही नाही ते बोलला. ती हलली नाही. औषधं, बेताचं मीठ, डाळ, अंडी असं करत काही महिन्यांनी डोळे निवळले, पोट उतरलं.

पुढे एका लग्नात जुन्या सोबत्यांनी त्याच्यापुढे पेला सरकवला. "आता बरा झालास ना? मग घे की घोटभर!"

वास आला. हात पुढे गेलाही. मग त्यानं तो मागे घेतला.

"बरा झालोय, म्हणूनच नको," तो म्हणाला आणि वाढप्याला हाक मारली, "ओ पाहुणं, मठ्ठा आणा इकडं!"

तात्पर्य इतकंच: दारूनं दुखावलेल्या लिव्हरला दारू सोडल्याशिवाय कुठलाच उपाय लागू पडत नाही, आणि बरं वाटल्यावरही ती सोडलेलीच ठेवावी लागते.