उंबराच्या पाण्याचा पहिला लोटा

खाडीकाठच्या एका गावात कातरीन नावाची एक विधवा राहत होती. तिला एकुलती एक लेक, फिलू. त्या गावच्या ख्रिस्ती माणसांत एक रीत होती. लग्नाच्या सकाळी बायका वाजतगाजत उंबराखालच्या विहिरीचं पाणी आणत आणि नवरीच्या डोक्यावर पहिला लोटा तिची आई ओते. त्या एका लोट्यासाठी कातरीन किती वर्षं आसुसली होती म्हणून सांगू! पाण्याची कळशी ती दर शनिवारी चिंचेने घासून लख्ख करी. शेजारणी हसत, "अगं, घासून घासून भोक पाडशील!"

शेवटी लग्न ठरलं. नवरा जहाजावर नोकरीला. उपवासकाळात लग्नं लागत नाहीत आणि ईस्टरपर्यंत काही त्याची सुट्टी टिकणार नव्हती. म्हणून उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारआधीचा सोमवार धरला.

लग्नाला आठ दिवस उरले आणि रविवारी देवळात फादरांनी वाईट बातमी सांगितली. खाडीपलीकडच्या बेटावर देवीची साथ आली होती. घरंच्या घरं अंथरुणाला खिळली होती, पाणी पाजायला माणूस नव्हतं. मात्र जो जाईल त्याला साथ सरेपर्यंत परत येता येणार नव्हतं.

"कोण जाईल?" फादरांनी विचारलं.

सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागले. कातरीनसुद्धा. मनातल्या मनात ती देवाशी भांडली, "आठ दिवस थांबला असतास तर तुझं काय बिघडलं असतं रे?" मग तिने क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे पाहिलं. त्याला कुणी ढकललं नव्हतं, तो आपल्या पायांनी गेला होता. क्रुसाखाली उभ्या असलेल्या त्याच्या आईनेही त्याला माघारी बोलावलं नव्हतं. कातरीन उठून उभी राहिली.

"आई, आणि माझा पहिला लोटा?" फिलू रडू लागली.

"तुला पाणी घालायला गावभर बायका आहेत, बाळा. तिथे पाजायलाही कुणी नाही."

सोमवारी सकाळी वाऱ्याबरोबर बँडचा आवाज बेटावर आला. कातरीन दारात येऊन ऐकत उभी राहिली. त्याच सकाळी लुसी नावाच्या एका पोरक्या मुलीच्या खपल्या गळल्या होत्या, तिला पहिली आंघोळ घालायची होती. कातरीनने डोळे पुसले आणि चुलीवरचं पाणी उतरवलं.

ईस्टरला साथ सरली. बरी झालेली माणसं होडीने गावात आली. कातरीन त्यांत नव्हती. शेवटी तिलाही देवी आल्या होत्या, तिला बेटावरच पुरलं होतं. लग्नाच्या सकाळी कातरीनने हिलाच न्हाऊ घातलं, असं होडीतल्या कुणी सांगितलं, तशी धक्क्यावर फिलूने लुसीला जवळ घेतलं.

"माझ्या आईने तुला आंघोळ घातली ना? कशी घातली, सांग ना गं."

"आधी पाणी आपल्या हातावर घेऊन बघितलं," लुसी म्हणाली. "मग डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, 'सुखात राहा गं, फिलू.' मी म्हटलं, मी लुसी आहे. तर हसली आणि रडलीसुद्धा."

तात्पर्य: ख्रिस्ताच्या वाटेने निघालेल्याचं मनही घराकडे ओढ घेतंच. ती ओढ काळजात घेऊन जो आपण होऊन दुसऱ्यासाठी पुढे जातो, त्याचंच धैर्य खरं आणि त्याचाच त्याग खरा.