नाईकांच्या डोक्यावरची घागर

ऐका हो लहानथोर! फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक खोड होती. गावचे प्रमुख नाईक; त्यांच्या चुलीवर जे शिजेल, तेच घराघरांत शिजायचं. आणि नाईकांना मटण लागायचं रोज, दोन्ही वेळा!

मग काय, घरोघरी शेळ्यांचे कळप वाढले. कळपांनी डोंगर पार बोडका केला. इकडे नाईकांच्या पायाचे अंगठे टम्म सुजले. वैद्यबुवा म्हणाले, "मटण कमी करा."

"तुम्ही बडबड कमी करा!" नाईक खेकसले.

चैत्राच्या जत्रेला नाईकाने डोंगरावरच्या झऱ्याची पहिली घागर स्वतःच्या डोक्यावरून देवीला आणायची, अशी रीत होती. त्या वर्षी नाईक अर्ध्या वाटेत एका दगडावर मटकन बसले. दुसरा गडी वर गेला, तो रिकामी घागर घेऊन आला. झरा आटला होता.

पंच म्हणाले, "नाईक, पुढच्या चैत्रात घागर आली नाही, तर पागोटं उतरवा. पाणीच नसेल, तर गावही उठेल."

घरी येऊन नाईक लेकरासारखे रडले. नाईकीणबाईंनी मटणाची हंडी उचलून फळीवर पालथी घातली.

"रडून झरा भरत नाही, धनी. शेळ्यांनी डोंगर खाल्ला, म्हणून तो आटला. आता बोकड सणालाच. एरवी भाकरी, भाजी, आंबील."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतात कसले? तेही तेच रांधतील!"

अन् झालंही तसंच! नाईक आधी फार कुरकुरले, मग आंबिलीला मिटक्या मारू लागले. अंगठ्यांची सूजही उतरली. गावाला मोठे कळप पाळायची गरजच उरली नाही. दुधापुरत्या शेळ्या राहिल्या. डोंगरावर गवत उठलं, करवंदीच्या जाळ्या फुटल्या, पावसाचं पाणी मातीत मुरलं.

चैत्र आला. नाईक निघाले. तो दगड आला, तशी खाली उभी असलेली माणसं टाचा उंचावून बघू लागली. नाईकांनी दगडाकडे पाहिलं, मिशीला पीळ दिला आणि चालू लागले ते थेट वर! जरा वेळाने आरोळी आली, "पाणी आहे रे, पाणी!"

भरली घागर डोक्यावर घेऊन नाईक उतरले. पागोटं भिजलं, मिशी भिजली, डोळेही भिजले. ढोल कडाडले. त्या दिवशी बोकड शिजला आणि प्रत्येक घास गावाने चवीचवीने खाल्ला.

"बुवा," नाईक वैद्यांना म्हणाले, "औषध तुम्ही मला दिलंत, गुण डोंगरालाही आला!"

सणाचा घास सणालाच खावा. अंगही धड राहतं आणि डोंगरही.